संगणकीय आरेखनाची परिभाषा : नकाशा वाचणाऱ्यांसाठी काही मूलभूत संज्ञा

गेल्या काही वर्षांत ग्रामपंचायत, तालुका व जिल्हा पातळीवरील कार्यालयांत येणाऱ्या नकाशांचे स्वरूप पालटले आहे. पूर्वी गावाचा नकाशा कापडावर चिकटविलेल्या कागदाचा असे, शाळेच्या इमारतीचा आराखडा निळ्या छायाप्रतीच्या रूपाने येई आणि पाणीपुरवठा योजनेची आखणी ट्रेसिंग कापडावर शाईने केलेली असे. आज हे सारे संगणकावर तयार होते आणि बहुधा फाइलच्या रूपानेच हाती पडते. त्याबरोबर पिक्सेल, रिझोल्यूशन, व्हेक्टर, लेयर, रेंडर असे अनेक शब्दही कार्यालयीन व्यवहारात रूढ होऊ लागले आहेत.

हे शब्द केवळ तंत्रज्ञांचे आहेत, असे समजून त्यांच्याकडे दुर्लक्ष करणे परवडण्यासारखे नाही. गावठाणातील घराची हद्द, नव्या रस्त्याची रुंदी, अंगणवाडीच्या खोलीचे माप या गोष्टी आता याच भाषेत नोंदविल्या जातात. संगणकावर काढलेला नकाशा दिसावयास नीटनेटका असतो आणि क्षेत्रफळाचे आकडे दशांश चिन्हापुढे तीन स्थळांपर्यंत दाखवितो. त्यामुळे तो बिनचूकच असणार, असा समज सहज होतो. वस्तुतः रेषेची अचूकता संगणकातून येत नाही, ती जमिनीवरील मोजणीतून येते. संगणक ती जशी मिळेल तशी जतन करतो. मोजणीत चूक असेल तर तीही तितक्याच निष्ठेने जतन करतो. ही एक गोष्ट ध्यानात ठेवून या विषयातील महत्त्वाच्या संज्ञांचा परिचय करून घेणे उपयुक्त ठरेल.

ठिपक्यांचे चित्र आणि रेषांचे चित्र

संगणकावरील चित्रे मुख्यतः दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात चित्र हे असंख्य लहान चौकोनी ठिपक्यांचे बनलेले असते. प्रत्येक ठिपक्याचा रंग संगणकात आकड्याने नोंदविलेला असतो. अशा चित्रास रास्टर चित्र म्हणतात. मोबाइलवर काढलेले छायाचित्र, स्कॅन केलेला सातबारा, विमानातून वा ड्रोनमधून टिपलेले गावाचे दृश्य ही सर्व रास्टर चित्रे होत. अमेरिकेतील नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रसेल किर्श व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली एक छायाचित्र प्रथमच अशा रीतीने संगणकात उतरविले. ते किर्श यांच्या तान्ह्या मुलाचे होते आणि त्यात आडवे १७६ व उभे १७६, म्हणजे एकूण ३०,९७६ ठिपके होते.

दुसऱ्या प्रकारात ठिपके नसतात. रेषा कोठून निघाली व कोठे संपली, वर्तुळाचा मध्य कोठे आहे व त्रिज्या किती, एवढीच माहिती आकड्यांत साठविलेली असते. ती माहिती वाचून संगणक दर वेळी चित्र नव्याने काढून दाखवितो. अशा चित्रास व्हेक्टर चित्र म्हणतात. गणितातील सदिश या संज्ञेशी त्याचे नाते आहे. संगणकाच्या साहाय्याने आरेखन करणे, ज्यास व्यवहारात ‘कॅड’ म्हणतात, ते या दुसऱ्या प्रकारावर उभे आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे आयव्हन सदरलँड यांनी १९६३ साली ‘स्केचपॅड’ नावाची कार्यप्रणाली सादर केली. प्रकाश-लेखणीने पडद्यावर रेषा काढावी आणि दोन रेषा समांतर राहाव्यात असे सांगताच संगणकाने त्या समांतर कराव्यात, ही सोय तिच्यात होती. पुढे १९८२ साली ‘ऑटोकॅड’ ही प्रणाली आली आणि लहान संगणकावरही असे आरेखन करणे शक्य झाले.

व्हेक्टर चित्राचा एक नमुना प्रत्येक वाचकाच्या रोजच्या पाहण्यात असतो. तो म्हणजे संगणकावरील अक्षर. अक्षराची वळणे आज सामान्यतः वक्ररेषांच्या रूपाने साठविली जातात. म्हणून तेच अक्षर टिपणीत लहान आणि फलकावर मोठे छापले तरी त्याच्या कडा सारख्याच रेखीव राहतात. विंडोज प्रणालीतील ‘मंगल’ हा देवनागरी टंक प्रा. र. कृ. जोशी यांनी रेखाटला, हे मराठी वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावे असे आहे.

या दोन प्रकारांतील भेद व्यवहारात फार महत्त्वाचा आहे. छायाचित्र हे साक्षीदारासारखे असते. कॅमेऱ्याला जे दिसले ते त्यात उमटते. रेषा मात्र कोणीतरी ठरवून ओढलेली असते. ‘हद्द येथून जाते’ असा निर्णय तिच्यात असतो. म्हणून छायाचित्र पाहताना काय दिसत नाही याचा, तर रेषा पाहताना ती कोणी व कशाच्या आधारे ओढली याचा विचार करावा लागतो.

पिक्सेल आणि रिझोल्यूशन

रास्टर चित्रातील एका ठिपक्यास पिक्सेल म्हणतात. मराठीत त्यास चित्रबिंदू म्हणता येईल. ठराविक लांबीत किती चित्रबिंदू बसविले आहेत, यावर चित्राची सूक्ष्मता अवलंबून असते. त्या सूक्ष्मतेस रिझोल्यूशन अशी संज्ञा आहे. चांगल्या छपाईसाठी एका इंचात सुमारे ३०० बिंदू असावेत, असा सर्वसाधारण संकेत आहे. त्या हिशेबाने १,२०० बिंदू रुंद व ९०० बिंदू उंच असे छायाचित्र ४ इंच रुंद आणि ३ इंच उंच छापले तर स्वच्छ दिसेल. तेच चित्र ४ फूट रुंदीच्या फलकावर ताणले, तर एका इंचात केवळ २५ बिंदू उरतील आणि जवळून पाहणाऱ्यास ते चौकोनी ठिगळांचे दिसेल. संगणकावर चित्र मोठे करता येते, परंतु जे बिंदू मुळात टिपलेच नाहीत, ते मोठे करण्याने उत्पन्न होत नाहीत.

जुने दप्तर स्कॅन करतानाही हा विचार करावा लागतो. ए-फोर आकाराचे एक पान इंचास ३०० बिंदू या सूक्ष्मतेने रंगीत स्कॅन केले, तर त्यात सुमारे ८७ लाख बिंदू येतात. प्रत्येक बिंदूसाठी लाल, हिरवा व निळा असे तीन आकडे नोंदवावे लागतात. परिणामी एका पानास सुमारे २६ मेगाबाइट जागा लागते. ती वाचविण्यासाठी फाइल आवळली जाते. जेपेग या प्रचलित पद्धतीत आवळताना काही बारकावे कायमचे गाळले जातात. छायाचित्रात ते डोळ्यांस जाणवत नाहीत, तथापि नकाशावरील बारीक अंक व पुसट रेषा यांची त्यात हानी होऊ शकते. मोबाइलवरून पुढे पाठविलेल्या नकाशाच्या छायाचित्रावर हद्दीचा निर्णय करू नये, याचे हे एक कारण होय.

रंगांबाबतही एक भेद ध्यानात ठेवावा. पडदा लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशाच्या मिश्रणाने रंग दाखवितो, तर छपाईत आकाशी, किरमिजी, पिवळी व काळी अशा चार शाया वापरतात. त्यामुळे पडद्यावर दिसलेली छटा कागदावर तंतोतंत उतरेलच असे नाही. नकाशात प्रस्तावित रस्ता व अस्तित्वातील रस्ता यांत केवळ रंगाने भेद केलेला असेल आणि त्याची काळी-पांढरी प्रत वाटली गेली, तर तो भेदच नाहीसा होतो.

निर्देशक, बहुभुज आणि क्षेत्रफळ

व्हेक्टर नकाशाचा पाया म्हणजे निर्देशक. माध्यमिक शाळेतील निर्देशक भूमितीत क्ष-अक्ष व य-अक्ष यांपासूनच्या अंतरावरून बिंदूचे स्थान सांगतात. नेमकी तीच पद्धत येथे वापरली जाते. शिक्षकांना हा विषय फळ्यावरून थेट गावात नेता येईल, कारण घराचा प्रत्येक कोपरा हा नकाशाच्या दृष्टीने आकड्यांची एक जोडी असतो.

अनेक बिंदू क्रमाने जोडले की साखळीरेषा तयार होते. ती फिरून पहिल्या बिंदूस मिळाली की बंद आकृती, म्हणजे बहुभुज तयार होतो. क्षेत्रफळ बहुभुजाचे असते. टोके मिळालेली नसतील तर डोळ्यांना आकृती पुरी भासली तरी ती भूखंड म्हणून विश्वासाने मोजता येत नाही. यासाठी नव्या रेषेचे टोक जुन्या टोकावर नेमके बसविण्याची सोय कॅड प्रणालीत असते. तिला स्नॅप म्हणतात. ती न वापरल्यास दोन शेजारच्या भूखंडांमध्ये केसाएवढी फट राहते किंवा एकाची कडा दुसऱ्यावर चढते. कागदावर हा दोष दिसत नाही. मोजणीत मात्र तीच जागा दोघांच्याही नावे लागते अथवा कोणाच्याच नावे लागत नाही.

एक साधे उदाहरण पाहू. एका भूखंडाचे चार कोपरे (०, ०), (१२, ०), (१२, ९) आणि (०, ९) असे मीटरमध्ये नोंदविले आहेत. त्याचे क्षेत्रफळ १०८ चौरस मीटर येते. आता शेवटच्या कोपऱ्याची नोंद करताना ९ ऐवजी ८ हा आकडा पडला, तर संगणक क्षणात १०२ चौरस मीटर असे उत्तर देईल. त्याचे गणित अचूकच आहे. परंतु एका अंकाच्या चुकीने घरमालकाची ६ चौरस मीटर जागा कमी झाली. ही चूक संगणकाच्या ध्यानात येणार नाही. ती ध्यानात येईल ती त्या कोपऱ्यावर उभ्या असणाऱ्या माणसाच्या.

प्रमाण : सर्वांत जपून वाचावयाची संज्ञा

नकाशावरील अंतर व जमिनीवरील अंतर यांचे गुणोत्तर म्हणजे प्रमाण. महाराष्ट्रातील जुनी मोजणी शंकू-साखळीने होत असे. ती साखळी ३३ फुटांची व १६ आण्यांची असे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद अशी जागा म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठे म्हणजे एक एकर. जुने अनेक गाव नकाशे एका इंचास २० साखळ्या, म्हणजे १:७,९२० या प्रमाणावर काढलेले आहेत. त्यावर एक गुंठा जागा जेमतेम सव्वा मिलिमीटर बाजूच्या चौकोनात मावते. उलट १:५०० प्रमाणाच्या नकाशावर तोच गुंठा सुमारे २ सेंटिमीटर बाजूचा चौकोन व्यापतो.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. जुन्या नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची शाईची रेषा असेल, तर ती जमिनीवरील सुमारे ४ मीटर रुंदीचा पट्टा व्यापते. असा नकाशा स्कॅन करून त्यावरून संगणकावर रेषा ओढली, की ती रेषा जाडी नसलेली, काटेकोर दिसते. कितीही मोठी करून पाहिली तरी ती तशीच राहते. पण त्या ४ मीटरांत हद्द नेमकी कोठे होती, हे मूळ नकाशालाच सांगता येत नव्हते. ते संगणकालाही सांगता येणार नाही. यास्तव आकडा किती दशांश स्थळांपर्यंत दिला आहे हे पाहण्याऐवजी मूळ मोजणी कोणत्या प्रमाणावर व कोणत्या पद्धतीने झाली, हे विचारणे अधिक योग्य ठरते.

दुसरी सावधगिरी छपाईच्या वेळी घ्यावयाची आहे. ए-थ्री आकारासाठी १:५०० प्रमाणावर तयार केलेला नकाशा ‘पानात बसवा’ ही सोय वापरून ए-फोर कागदावर छापला, तर त्याचे प्रमाण सुमारे १:७०७ होते. कोपऱ्यातील ‘१:५००’ हे अक्षर मात्र तसेच राहते. त्यावर विसंबून पट्टीने मोजणाऱ्यास १० मीटर लांबीचे घर सुमारे ७ मीटरचे भासेल. शाळेत शिकविले जाणारे रेषाप्रमाण येथे उपयोगी पडते. नकाशावर मीटरच्या खुणा असलेली पट्टी छापली असेल, तर नकाशा लहान होताना ती पट्टीही त्याच प्रमाणात लहान होते आणि मोजमाप खरे निघते. म्हणून प्रत्येक नकाशावर अंकप्रमाणाबरोबर रेषाप्रमाण असावे, असा आग्रह धरावा.

स्तर आणि जोडलेली माहिती

पूर्वीचे आरेखक एकावर एक ट्रेसिंग कापडे ठेवून एकाच इमारतीच्या भिंती, वीजजोडणी व नळ यांच्या आखण्या ताडून पाहत. संगणकातील लेयर, म्हणजे स्तर, हे त्या पारदर्शक कापडाचेच रूप आहे. घरे एका स्तरावर, रस्ते दुसऱ्यावर, गटारे व जलवाहिन्या तिसऱ्यावर अशी मांडणी करतात. हवा तो स्तर दाखविता व नको तो झाकता येतो. ही सोय मोठी आहे, परंतु तिच्यामुळे जे दिसत नाही ते नकाशात नाहीच, असे म्हणता येत नाही. छापील प्रतीत विहीर किंवा पायवाट दिसत नसेल, तर तो स्तर झाकलेला आहे काय, हे प्रथम विचारावे.

रेषांना माहितीचा तक्ताही जोडता येतो. बहुभुजाशी मिळकत क्रमांक, धारकाचे नाव, वापर यांची नोंद निगडित केली की नकाशावर बोट ठेवताच ती पुढे येते. भौगोलिक माहिती प्रणालीचे बळ याच जोडणीत आहे. तथापि आकृती बरोबर आणि जोडलेला क्रमांक शेजाऱ्याचा, असेही होऊ शकते. म्हणून नकाशातील क्रमांक ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधील नोंदींशी ताडून पाहणे हितावह ठरते.

त्रिमिती आणि रेंडर

लांबी व रुंदी यांना उंचीची जोड दिली की त्रिमिती आकृती तयार होते. तिच्या नुसत्या कडा दाखविल्या तर तारेच्या सांगाड्यासारखी, पृष्ठभाग लहान लहान त्रिकोणांनी मढविला तर जाळीसारखी आणि आतील घनभागही हिशेबात घेतला तर भरीव वस्तूसारखी ती हाताळता येते. अशा आकृतीवर प्रकाश, सावली व रंग यांचा आभास निर्माण करून चित्र तयार करण्यास रेंडर करणे म्हणतात. ग्रामसभेपुढे मांडले जाणारे नव्या समाजमंदिराचे सुबक रंगीत चित्र बहुधा रेंडर केलेले असते. ते कल्पना देण्यासाठी असते. त्यातील झाडे, फरसबंदी व उजळ भिंती अंदाजपत्रकात असतीलच असे नाही. काम मापात झाले की नाही हे ठरविण्याचा आधार म्हणजे मापे लिहिलेला तलविन्यास, छेद व दर्शनी आकृती होत.

फाइलचे प्रकार

डीडब्ल्यूजी व डीएक्सएफ या कॅड आरेखनाच्या फाइली होत. त्यांत रेषा, निर्देशक व स्तर जतन होतात. जेपेग व टिफ यांत ठिपक्यांची चित्रे असतात. पीडीएफ हा प्रकार वाटण्यास व छापण्यास सोयीचा आहे, पण त्यात रेषाही असू शकतात आणि स्कॅन केलेले ठिपकेही. खूप मोठे करून पाहिल्यास रेषेच्या कडा स्वच्छ राहतात की चौकोनी होतात, यावरून ते ओळखता येते. एखादे काम पूर्ण झाल्यावर ग्रामपंचायतीने केवळ छापील प्रत न घेता मूळ आरेखनाची फाइलही दप्तरी ठेवावी. दहा वर्षांनी जलवाहिनी दुरुस्त करावयाची झाल्यास तिचाच उपयोग होईल.

गावठाणाचा नकाशा : परिभाषा प्रत्यक्षात

वरील बहुतेक संज्ञा एकत्र पाहावयाच्या असतील, तर गावठाणाच्या मोजणीचे उदाहरण घ्यावे. केंद्र शासनाच्या स्वामित्व योजनेची घोषणा २४ एप्रिल २०२० रोजी, राष्ट्रीय पंचायत राज दिनी झाली. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या साहाय्याने ड्रोनद्वारे गावठाणांचे छायाचित्रण करून तेथील मिळकतींचे नकाशे व अधिकारपत्रे तयार करावयाची, असे या योजनेचे स्वरूप आहे. महाराष्ट्रात ग्रामविकास विभाग व भूमि अभिलेख विभाग यांचा तिच्याशी संबंध येतो.

या पद्धतीत प्रथम ग्रामस्थांनी आपापल्या हद्दींवर चुन्याची आखणी करावयाची असते. नंतर ड्रोन उडतो. त्याने टिपलेली अनेक छायाचित्रे एकत्र जुळवून, तिरपेपणाचा दोष काढून, सर्वत्र सारख्या प्रमाणाचे एक चित्र तयार करतात. हे झाले रास्टर. त्यावरून घरे, रस्ते व मोकळ्या जागा यांच्या रेषा ओढतात. हे झाले व्हेक्टर. तो नकाशा पुन्हा गावात आणून जागेवर पडताळतात, चौकशी होते आणि त्यानंतर मिळकत पत्रिका व सनद यांची पायरी येते.

ड्रोनला वरून छप्पर दिसते, भिंत दिसत नाही. पाखे भिंतीच्या दोन फूट पुढे आलेले असतील, तर चित्रात घर तेवढे मोठे भासते. दोन घरांमधला अरुंद बोळ पाख्यांखाली किंवा झाडाखाली झाकला जातो. पागोळ्या कोणाच्या जागेत पडतात यावरून पिढ्यान्‌पिढ्या वाद चाललेल्या गावांत ही बाब क्षुल्लक नाही. चित्रातील एका बिंदूने जमिनीचा पाच सेंटिमीटर बाजूचा चौरस व्यापला असेल, तर छायाचित्र पुष्कळच सूक्ष्म म्हणावे लागेल, पण छपराखालची हद्द त्या सूक्ष्मतेनेही दिसत नाही. ती दिसते चुन्याच्या आखणीवरून व जागेवरील पडताळणीवरून. ज्याचे घर आहे तो रोजगारासाठी परगावी असेल आणि त्याच्या हद्दीवर चुना टाकणारे कोणी नसेल, तर त्याची रेषा दुसऱ्याच्या सांगण्यावरून ओढली जाण्याचा संभव असतो. अशा कुटुंबांना वेळेवर कळविणे आणि विधवा, वृद्ध व परगावी राहणाऱ्या धारकांच्या मिळकतींची पडताळणी आवर्जून करून घेणे, हे पंचायत सदस्यांचे कर्तव्य होय.

नकाशा हाती आल्यावर

संगणकावर तयार झालेला कोणताही नकाशा समोर आला, की पुढील प्रश्न विचारावेत. हे ठिपक्यांचे चित्र आहे की रेषांचे? रेषा कोणत्या मोजणीवरून, कोणत्या साली ओढल्या? प्रमाण काय, आणि छापील प्रतीवर रेषाप्रमाण आहे काय? सर्व स्तर दाखविले आहेत काय? आकृतीशी जोडलेले क्रमांक दप्तराशी जुळतात काय? आणि शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा, की हा नकाशा घेऊन कोणी प्रत्यक्ष जागेवर जाऊन आले आहे काय?

हे प्रश्न विचारण्यास संगणक चालविता यावा लागत नाही. संज्ञांचे अर्थ ठाऊक असले म्हणजे पुरे. शिक्षकांनी शाळेच्या आवाराचा नकाशा दोरी व टेपने मोजून विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा आणि तो संगणकावरील नकाशाशी ताडून पाहावा. अधिकाऱ्यांनी नकाशा प्रसिद्ध करताना त्याचे प्रमाण, मोजणीचे वर्ष व खुणांचा अर्थ मराठीत ठळकपणे द्यावा. पंचायत सदस्यांनी हरकतींची मुदत संपण्यापूर्वी तो चावडीवर उघडून ग्रामस्थांना समजावून सांगावा. मुदतीच्या आत चुकलेला कोपरा जागेवर दाखविणे सोपे असते. सनद हाती पडल्यावर तोच कोपरा दुरुस्त करून घेण्यास कितीतरी अधिक खेपा घालाव्या लागतात.